मुलांसाठी कोडिंगचा क्लास कसा निवडावा: नव्या पालकांसाठी पायरीपायरीने

आमच्या दोन मुलांच्या निमित्ताने मी कोडिंगचे बरेच क्लास जवळून पाहिले. ट्रायलच्या वेळी मागे बसले, शिक्षकांशी बोलले, अभ्यासक्रमाची पानं वाचली, फीच्या अटी वाचल्या. सुरुवातीला सगळे क्लास सारखेच वाटतात. प्रत्येकाकडे रंगीत माहितीपत्रक असतं, सर्टिफिकेट असतं आणि 'पहिल्याच तासाला मूल गेम बनवेल' हे आश्वासनही असतं. त्यातून निवड कशी करायची, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

माझं एक मत आता पक्कं आहे. मुलाचा प्रोग्राम चुकतो तेव्हा शिक्षक काय करतात, त्यावरून क्लास ओळखावा. भाषा कोणती, प्लॅटफॉर्म कोणता, बॅच किती मुलांची, हे सगळं त्यानंतर बघावं. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये पाचवीवर मी जास्त वेळ घालवला आहे. घाई असेल तर निदान तेवढी तरी नीट वाचा.

आधी हाताशी काय लागेल

- कीबोर्ड आणि माउस असलेला संगणक किंवा लॅपटॉप. तो महागडा असायची गरज नाही, ब्राउझर नीट चालला की पुरे. पाच ते सात वर्षांच्या मुलांना टॅबलेट चालतो. त्यापुढच्या मुलांना फक्त मोबाइलवर शिकवणारा क्लास घेऊ नका.
- ऑनलाइन क्लास असेल तर हेडफोन, आणि मुलाचा स्क्रीन तुम्हाला येता-जाता दिसेल अशी बसायची जागा.
- अकाउंट उघडायला पालकांचा ईमेल. मुलाचा नको.
- क्लासकडून लेखी स्वरूपात: तासागणिक अभ्यासक्रम, फी आणि परताव्याच्या अटी, रेकॉर्डिंगबद्दलचं धोरण.
- एक साधी वही. मुलाला अडलेलं, सुचलेलं, करून बघायचं असलेलं त्यात उतरवता येतं.

१. मुलाला काय करायचं आहे, ते आधी ऐका

'तुला कोडिंग शिकायचं आहे का?' असं विचारलं तर हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी 'संगणकाकडून काय करून घ्यायला आवडेल?' असं विचारा. कोणी गेम म्हणेल, कोणी गोष्टीतली पात्रं हलवायची म्हणेल, कोणाला दिवे लावणारं-विझवणारं यंत्र हवं असेल, कोणाला गणितातल्या आकृत्या. या उत्तरावरून पुढची अर्धी निवड होते. यंत्रात रमणाऱ्या मुलाला सहा महिने पडद्यावरची मांजर हलवत बसवलं तर ते कंटाळेल, आणि आपण समजू की त्याला कोडिंगच आवडत नाही.

'आता शिकलं नाही तर मूल मागे पडेल' असं कोणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नका. उत्तम काम करणारे कितीतरी प्रोग्रामर कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा कोड लिहायला शिकले. लहानपणी शिकण्याचा फायदा वेगळा आहे. मोठं काम लहान तुकड्यांत कसं मोडायचं, आणि चुकलं की न रडता कारण कसं शोधायचं, हे त्या वयात अंगवळणी पडतं.

२. वयापेक्षा तयारी बघा

ढोबळ नकाशा असा आहे.

पाच ते सात: स्क्रॅच ज्युनिअर. हे ॲप २०१४ साली आलं. त्यात वाचता येण्याची गरज नाही, चित्रांचे ठोकळे एकमेकांना जोडायचे असतात. या वयात संगणकाशिवायचे खेळही तितकेच चांगले. 'मी रोबोट, तू सूचना दे' या खेळात मूल आईला दारापर्यंत चालवताना क्रम, पुनरावृत्ती आणि अट हे सगळं शिकतं. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातून निघालेल्या 'सीएस अनप्लग्ड' या उपक्रमात असे कितीतरी खेळ मोफत मिळतात.

आठच्या पुढे: स्क्रॅच, म्हणजे शब्द लिहिलेले ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटाने ते तयार केलं आणि २००७ साली सगळ्यांसाठी खुलं केलं. ते मोफत आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि सत्तरहून जास्त भाषांत उपलब्ध आहे.

यंत्रांची ओढ असलेल्यांसाठी: मायक्रोबिट. बीबीसीच्या पुढाकाराने निघालेला हा तळहातापेक्षाही लहान, प्रोग्राम करता येणारा बोर्ड २०१६ साली ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना वाटला गेला. त्यावर २५ लाल दिवे, दोन बटणं आणि हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. बोर्ड घ्यायच्या आधी मेककोड या मोफत संकेतस्थळावर पडद्यावरचाच बोर्ड चालवून बघता येतो.

साधारण अकरा-बाराच्या पुढे: पायथॉन किंवा दुसरी टाइप करायची भाषा. इथे वयापेक्षा तीन गोष्टी बघा. कीबोर्डवर अक्षरं न शोधता निदान एक वाक्य टाइप करता येतं का? स्वल्पविराम, कंस, मोकळी जागा अशा बारीक खुणांकडे लक्ष जातं का? आणि ठोकळ्यांमध्ये स्वतःच्या कल्पनेने एक प्रकल्प पूर्ण केला आहे का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर थोडं थांबा. टायपिंगशी झगडण्यातच तास संपला तर विचार करायला वेळ उरत नाही.

इथे एक नेहमीचा सापळा आहे. काही क्लास सांगतात, 'स्क्रॅच लहान मुलांचं, आमच्याकडे थेट पायथॉन.' पालकांना हे ऐकायला आवडतं. पण स्क्रॅचमध्ये व्हेरिएबल (बदलती किंमत साठवणारी, नाव दिलेली जागा) आहेत, याद्या आहेत, स्वतःचे ठोकळे बनवता येतात, एक पात्र दुसऱ्याला संदेश पाठवू शकतं, एकाच पात्राच्या अनेक प्रती चालत्या प्रोग्राममध्ये तयार करता येतात. त्याचं व्यासपीठ, म्हणजे पात्रं हलतात तो पडदा, रुंदीला उणे २४० ते अधिक २४० आणि उंचीला उणे १८० ते अधिक १८० असं मोजलेलं असतं. शाळेत ऋण संख्या यायच्या आधीच मूल त्या वापरायला लागतं. बारा वर्षांच्या मुलालाही स्क्रॅचमध्ये घाम फुटेल असं काम देता येतं. ते देणारा शिक्षक हवा.

३. पैसे भरण्याआधी घरी करून बघा

तीन-चार आठवडे मोफत साधनांवर घालवा. स्क्रॅचच्या संकेतस्थळावर छोटे धडे आहेत. कोड डॉट ऑर्ग ही २०१३ साली सुरू झालेली ना-नफा संस्था वयानुसार पूर्ण अभ्यासक्रम मोफत देते. रास्पबेरी पाय फाउंडेशनचे प्रकल्पही मोफत आहेत आणि चित्रांसह नीट समजावलेले आहेत. कोडरडोजो नावाची स्वयंसेवकांची क्लब-चळवळ २०११ साली आयर्लंडमध्ये सुरू झाली आणि आता अनेक देशांत आहे. तुमच्या आसपास असा क्लब असेल तर फीचा प्रश्नच उरत नाही.

या काळात बघायचं एवढंच: धडा संपल्यावर मूल काय करतं? धड्यातली मांजर काढून त्या जागी स्वतःचं चित्र टाकतं का? वेग दहाऐवजी हजार करून 'बघू काय होतं' म्हणतं का? असं असेल तर क्लास उपयोगी पडेल. धडा संपला की लॅपटॉप बंद आणि पुन्हा आठवणही नाही, असं असेल तर काही महिने थांबून पुन्हा बघा. त्यात काही बिघडत नाही.

४. अभ्यासक्रमाचं पान वाचायला शिका

पानावर भाषांची आणि तंत्रज्ञानांची लांबलचक यादी असेल, आणि ती मोजक्या तासांत संपणार असेल, तर मुलाला प्रत्येकाची नुसती ओळख होणार. चांगल्या पानावर साधनांपेक्षा संकल्पना दिसतात: क्रम, लूप (तेच पुन्हा पुन्हा करणं), अट, व्हेरिएबल, फंक्शन (नाव दिलेला सूचनांचा गट), याद्या, आणि त्या कोणत्या प्रकल्पातून येणार ते. प्रकल्पांमध्ये मुलाने स्वतः ठरवायची जागा आहे का, तेही बघा. सगळ्या मुलांचे शेवटचे प्रकल्प हुबेहूब सारखे असतील तर ती जागा नाही.

क्लासला एक विनंती करा: 'साधारण दोन-तीन महिने शिकलेल्या मुलाचा अर्धवट प्रकल्प बघायला मिळेल का?' सजवलेले पूर्ण प्रकल्प सगळेच दाखवतात. अर्धवट कामात मुलाचा स्वतःचा हात दिसतो: विचित्र नावाची व्हेरिएबल, बाजूला काढून ठेवलेले ठोकळे, पूर्ण न झालेली पातळी.

'कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवतो' असं लिहिलेलं असेल तर नेमकं काय, ते विचारा. मुलं स्वतः उदाहरणं गोळा करून एखाद्या छोट्या मॉडेलला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामला, गोष्टी ओळखायला शिकवणार असतील आणि ते कुठे फसतं ते तपासणार असतील, तर छान. चॅटबॉटला सांगून ॲप बनवून घेणार असतील, तर त्यातून प्रोग्रामिंग येत नाही.

५. ट्रायल क्लासला बसा आणि चुकीची वाट बघा

ट्रायलच्या तासाला मुलाशेजारी बसू नका, मागे बसा. बोलू नका. एक उदाहरण सांगते, म्हणजे काय बघायचं ते स्पष्ट होईल.

चौकोन काढायला मुलं लवकर शिकतात. पडद्यावरचं पात्र रेषा ओढत चालतं, त्याला सूचना द्यायच्या: पुढे जा, ९० अंश वळ, असं चार वेळा. मग शिक्षक म्हणतात, आता त्रिकोण काढ. शाळेत शिकलेलं असतं की समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा. म्हणून मूल लिहितं: पुढे जा, ६० अंश वळ, तीन वेळा. प्रोग्राम चालवला की त्रिकोण जुळतच नाही. तीन रेषांची उघडी कमान दिसते, खरं तर अर्धा षटकोन.

आता शिक्षकाकडे बघा.

एक शिक्षक म्हणतो, '६० नाही, १२० टाक.' त्रिकोण येतो, टाळ्या वाजतात, तास पुढे सरकतो. मुलाच्या हाती फक्त १२० हा आकडा लागतो. हे म्हणजे चित्रकलेच्या तासाला बाईंनीच मुलाच्या वहीत चित्र काढून देण्यासारखं आहे.

दुसरी शिक्षिका म्हणते, 'अरे, हे काय छान आलं! कशामुळे आलं असेल? ऊठ, तूच जमिनीवर चालून बघ.' मूल चार पावलं चालतं, वळतं, आणि त्याला कळतं की वळताना आपण त्रिकोणाच्या आतला कोन फिरत नाही, बाहेरचा फिरतो. १८० वजा ६०. मग ते स्वतःच १२० म्हणतं. पुढे विचारावं लागत नाही: पूर्ण फेरीत ३६० अंश, मग पंचकोनाला प्रत्येक वेळी ७२, हे त्याच तासात निघतं. आणि चुकून आलेल्या कमानीत तीनऐवजी सहा टाकलं की षटकोन पूर्ण होतो, हेही.

अंगाने चालून भूमिती समजून घेण्याची ही रीत जुनी आहे. १९६७ साली सिमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फोयरझाइग यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. पुढे तिच्यात रेषा काढत चालणारं कासव आलं. ते कासव आजही पायथॉनसोबत येतं, आणि स्क्रॅचमध्ये पेनचे ठोकळे वापरून हाच धडा करता येतो. साधन कोणतंही घ्या, चुकलेला त्रिकोण तिन्हीकडे सारखाच येतो. फरक शिक्षकाचा असतो.

ट्रायलमध्ये आणखी काही खुणा दिसतात:

- माउस कोणाच्या हातात आहे? ऑनलाइन तासात शिक्षक वारंवार मुलाच्या स्क्रीनचा ताबा घेत असेल तर ती वाईट खूण.
- प्रोग्राम चालवण्याआधी 'काय होईल असं वाटतं?' हा प्रश्न येतो का? प्रिम नावाची शिकवण्याची एक पद्धत याच क्रमाने जाते: आधी अंदाज, मग चालवून बघणं, तपासणं, बदल करणं, आणि शेवटी स्वतःचं काही घडवणं.
- पायथॉनमध्ये काही चुकलं की चूक सांगणारा संदेश येतो, बऱ्याचदा लाल अक्षरांत. शिक्षक तो मुलाकडून वाचून घेतात, की स्वतः दुरुस्त करून पुढे जातात? कितव्या ओळीत अडलं हे त्या संदेशातच असतं. तो वाचायला न शिकलेलं मूल कायम कोणाची तरी वाट बघत बसतं.
- आधीच तयार असलेल्या प्रोग्राममध्ये दोन ठोकळे जोडून 'तू गेम बनवलास' असं म्हटलं जातंय का? ट्रायलनंतर घरी कोरी पाटी उघडून द्या. त्यातलं थोडं तरी पुन्हा करता आलं, तर ते मुलाचं झालं.

तासभरात एकही चूक झाली नाही असा ट्रायल दिसला तर दुसरा तास बघायची परवानगी मागा. इतका गुळगुळीत तास बहुधा पाठ केलेला असतो.

६. शिक्षकांना विचारायचे प्रश्न

विक्री प्रतिनिधीशी बोलून यातलं काही कळत नाही. शिकवणाऱ्या व्यक्तीशीच बोलू द्या असा आग्रह धरा.

'ट्रायल ज्यांनी घेतला तेच पुढे शिकवणार का?' अनेक ठिकाणी ट्रायलचे शिक्षक वेगळे आणि रोजचे वेगळे असतात. 'एका वेळी किती मुलं, आणि त्यांची पातळी एकच आहे का?' 'मूल दोन तास अडून बसलं तर तुम्ही काय करता?' 'लवकर संपवणाऱ्या मुलाला काय देता?' 'तुम्ही स्वतः अलीकडे काय बनवलंत?' या शेवटच्या प्रश्नावर ज्यांचा चेहरा खुलतो, त्यांच्याकडे मुलं टिकतात असं मी पाहिलं आहे.

मोठ्या पदव्यांना फार भुलू नका. मुलांना शिकवणं ही वेगळी कला आहे. कॉलेजात शिकणारी एखादी ताईसुद्धा ती फार छान जाणू शकते.

७. काम कोणाचं, माहिती कोणाकडे

मुलाने केलेलं काम डाउनलोड करून घरी चालवता येतं का, हे आधी विचारा. स्क्रॅचचा प्रकल्प एसबी३ फाइल म्हणून आणि पायथॉनचा पीवाय फाइल म्हणून आपल्या संगणकावर ठेवता येतो. क्लासच्या स्वतःच्या बंद प्लॅटफॉर्मवर मात्र फी संपली की मुलाचं सगळं कामही हातातून जाऊ शकतं. लहान मुलाला याचं फार वाईट वाटतं.

अकाउंटच्या नावात मुलाचं खरं नाव, शाळा, जन्मतारीख घालू नका. ऑनलाइन तासात कॅमेरा कधी लागतो, रेकॉर्डिंग कोण बघतं, ते किती दिवस ठेवतात, मुलांना एकमेकांशी किंवा शिक्षकांशी खासगी चॅट करता येतं का, हे विचारून घ्या. मुलांची माहिती गोळा करण्यासाठी पालकांची संमती अनेक देशांत कायद्याने लागते. अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांसाठी, भारताच्या २०२३च्या कायद्यात १८ वर्षांखालच्या. मुलाचा व्हिडिओ जाहिरातीत वापरण्याची परवानगी बऱ्याचदा प्रवेशअर्जातच एका ओळीत असते. ती नको असेल तर ओळ खोडून सही करा.

८. फी भरताना

कमीत कमी काळाचं पॅकेज घ्या. 'आजच भरलं तर सवलत' म्हणणाऱ्याला 'उद्या कळवते' एवढंच उत्तर द्या. हप्त्याची सोय देत असतील तर ते क्लासचे हप्ते आहेत की तुमच्या नावावर काढलेलं कर्ज, हे कागदावर बघा. कर्ज असेल तर क्लास सोडला तरी हप्ते चालू राहतात. परताव्याची अट तोंडी चालत नाही, ईमेलवर घ्या. बुडलेले तास भरून देतात का, शिक्षक बदलले तर पैसे परत मिळतात का, तेही त्याच ईमेलमध्ये.

सर्टिफिकेटसाठी वेगळे पैसे मागत असतील तर देऊ नका. मुलाने केलेला आणि स्वतः समजावून सांगता येणारा एक प्रकल्प त्याहून कितीतरी मोलाचा.

९. पहिले दोन महिने

आठवड्यातून एकदा मुलाला म्हणा, 'मला दाखव, आणि हा ठोकळा काढला तर काय होईल ते सांग.' तुम्हाला कोडिंग यायची गरज नाही. सांगताना मूल अडखळलं तरी चालेल, विचार करतंय म्हणूनच अडखळतंय. घडाघडा बोलूनही ठोकळा काढल्यावर काय होईल ते सांगता येत नसेल, तर शिक्षकांशी बोला.

गृहपाठ करताना तुम्ही उत्तर शोधून देऊ नका, चॅटबॉटलाही देऊ देऊ नका. अडलं तर आधी वहीत लिहायचं: काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. एवढ्या दोन ओळी लिहितानाच बऱ्याचदा चूक सापडते. तरी नाही सापडली तर ती वही घेऊन तासाला जायचं.

दोन महिन्यांनी तीन गोष्टी तपासा. मूल तासाबाहेर स्वतःहून काही करून बघतं का? चुकल्यावर आधी काय करतं, हाक मारतं की शोधतं? आणि शिक्षकांना तुमच्या मुलाबद्दल नेमकं काही सांगता येतं का? 'खूप हुशार आहे' हे नेमकं नाही. 'लूप छान वापरते, पण अटी एकात एक आल्या की गोंधळते' हे नेमकं आहे.

तिन्हींची उत्तरं निराश करणारी असतील तर आधी बॅच किंवा शिक्षक बदलून मागा. तेही जमलं नाही तर सोडा. सोडण्याआधी सगळ्या प्रकल्पांच्या फाइल उतरवून घ्या, बंद करत असल्याचं ईमेलने कळवा, कार्डावरून आपोआप जाणारे पैसे थांबवा आणि मुलाचं अकाउंट व रेकॉर्डिंग काढून टाकल्याची लेखी पोच मागा.